एक रात्रसुद्धा नाही

दातवाल्या बाईंनी आयुष्यात कुणाचं निमूटपणे ऐकलं असेल, तर ते चिठ्ठीचं. माणसांचं त्या फारसं ऐकत नसत. नवऱ्याचं तर लग्नानंतरचे पहिले सहा महिने सोडले तर नाहीच. पण चिठ्ठीत जे असेल ते शेवटचं.

त्यांचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे सात-आठ डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घ्यायचे, त्याला चिठ्ठी जोडायचे आणि डबा बाईंकडे पाठवायचे. पेशंटचं वय, कवळी वरची की खालची, दातांचा रंग कितव्या नंबरचा, कधी हवी, एवढंच चिठ्ठीत. बाई ठशात प्लास्टर ओतून जबडा काढायच्या, त्यावर मेण चढवायच्या, मेणात एकेक दात रोवायच्या. मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी मसाला भरायचा, शिजवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. ज्याच्या तोंडात ती जाणार तो माणूस त्यांनी जन्मात पाहिलेला नसे. बावीस वर्षांत आपण एकाही डॉक्टरला फोन करून ‘हे असं का?’ म्हणून विचारलं नाही, याचा बाईंना कोण अभिमान! एकदा एका डॉक्टरने घाईघाईत रंगाचा नंबर चुकवला आणि सत्तरीच्या आजोबांना एखाद्या नटाला शोभतील असे पांढरेशुभ्र दात गेले. डॉक्टर तणतणत आला. बाईंनी खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्यांतून त्याची चिठ्ठी काढली आणि त्याच्या नाकासमोर धरली.

“यात लिहिलंय तेच केलंय.”

“अहो, पण वय वाचून तुम्हाला शंका नाही आली?”

आली होती. पण शंका विचारणं हे बाईंच्या मते कच्च्या कारागिराचं लक्षण होतं.

नवरा फरश्या बसवायचा. हात सरळ, बोलणं कमी, आणि जे बोलायचा ते तोंडातल्या तोंडात. चार खोल्यांचं घर दोघांनी मिळून उभं केलं. लोकांच्या कामातून उरलेल्या फरश्या तो घेऊन यायचा, त्यामुळे चार खोल्यांच्या चार तऱ्हा. पुढची खोली राखाडी, स्वयंपाकघर पिवळट, झोपायची खोली तांबूस. मागची खोली मात्र बाईंनी स्वतःच्या कमाईतून बांधून घेतली. प्लास्टरचं पाणी जायला वेगळी मोरी, मसाल्याचा वास जायला वर पंखा, उत्तरेला मोठी खिडकी, कारण दातांचा रंग दिव्यात कळत नाही. त्या खोलीत बाई दिवसाचे दहा तास बसायच्या. मूल झालं नाही. दोघांनी त्यावर एकदाच बोलून घेतलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

मग फरशीवाला एका बाईच्या स्वयंपाकघराची फरशी बसवायला गेला. चार दिवसांचं काम चार महिने चाललं. तेवढ्यात राजवाडा झाला असता. बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण माणसापेक्षा त्याच्या जबड्याकडे बघायची त्यांना सवय. लक्षात आल्यावर मात्र त्यांनी आरडाओरडा केला नाही. “काडीमोड घेऊ,” त्या म्हणाल्या. “घेऊ,” तो म्हणाला. सव्वीस वर्षांच्या संसारात इतक्या झटकन दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर दोघांचं एकमत झालं नव्हतं.

घोडं अडलं घरापाशी. तो म्हणाला, विकू आणि अर्धंअर्धं करू. बाई म्हणाल्या, एक वीटसुद्धा देणार नाही. उत्तरेची खिडकी अर्धी कशी करणार होता तो?

बाईंनी वकील गाठला. वकीलसाहेब हुशार होते, फक्त घाईत असायचे. त्यांच्यासमोर बसलं की आपल्या मागे अजून दहा जण उभे आहेत असं वाटायचं, आणि ते खरंच असायचे.

“एक गोष्ट नीट ऐका,” वकील म्हणाले. “घर सोडायचं नाही. एक रात्रसुद्धा नाही. बाहेर राहिलात की समोरचा म्हणणार, बाई आपण होऊन गेल्या, त्यांना घराची गरज नाही. दिवसा कुठे जायचं तिथे जा, झोपायला घरात.”

“कुठवर?” असं दुसऱ्या कुणी विचारलं असतं. बाईंनी मान डोलावली आणि उठल्या. चिठ्ठी मिळाली होती.

फरशीवाल्यालाही त्याच्या वकिलाने बहुतेक हेच सांगितलं असावं, कारण तोही हलेना. मग त्या चार खोल्यांत जे सुरू झालं त्याला राहणं म्हणायचं तर म्हणावं. बोलणं बाईंनी पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकलं. पुढची खोली त्याची, झोपायची आणि मागची बाईंची. स्वयंपाकघर सकाळी आठपर्यंत त्याचं, नंतर बाईंचं. फ्रिजचा वरचा कप्पा बाईंचा, खालचा त्याचा, आणि बर्फ कुणाचा यावर दोघांच्या वकिलांची एक पत्रापत्री झाली. साबण दोन, चहाची गाळणी दोन. गाळणी मात्र कुठली कुणाची ते कळेना, म्हणून बाईंनी आपलीला लाल दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी त्याने आपलीला निळा बांधला.

चौथ्या महिन्यात वकिलांचा फोन आला. “कोर्टाचा तात्पुरता आदेश मिळाला. आता घराला कुणी हात लावू शकत नाही. निश्चिंत राहा.” चार दिवसांनी कागद आले. ‘अंतिम निकालापर्यंत सदर घर विकता येणार नाही’ हे पहिल्या पानावरचं वाक्य बाईंनी दोनदा वाचलं, समाधानाने मान हलवली आणि कागद कपाटात ठेवून दिले.

त्यानंतर फरशीवाला अधूनमधून रात्री घरी येईनासा झाला. बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी एक वही केली. तारीख, वार, ‘बाहेर’. पुढे सही. गडी स्वतःच्या हाताने स्वतःचा हक्क सोडतोय आणि आपण डोळ्यांत तेल घालून बसलोय, हे त्यांना फार बरं वाटायचं.

सहाव्या महिन्यात आई पडली.

आई धाकट्या भावाकडे असायची. गाडीने साडेपाच तासांवर. न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. ऑपरेशन झालं, पण आई अंथरुणाला खिळली. भावाचा फोन आला.

“ताई, चार दिवस येऊन राहा. सारखी तुझं नाव घेतेय.”

“राहता येणार नाही रे. वकिलांनी सक्त सांगितलंय.”

“अगं, आई आजारी आहे. वकिलांना विचार तरी.”

“विचारायचं काय त्यात? एकदा सांगितलंय ना.”

बाई भाड्याची गाडी करून पहाटे निघाल्या आणि अकराच्या सुमाराला पोचल्या. आई आडवी होती. चेहरा निम्मा झालेला. हिरड्या बसल्या होत्या आणि जुनी कवळी तोंडात खुळखुळत होती. बोलताना आई ती जिभेने सावरायची.

“चपला आत आणून ठेवल्यास,” आई म्हणाली. “राहतेस वाटतं.”

“नाही गं. दोनला निघायलाच हवं.”

“बरं. तुझं घर सांभाळ बाई आधी,” आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

बाईंनी पिशवीतून सामान काढलं आणि आईच्या तोंडाचा ठसा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्या जिवंत तोंडात ठसा घेत होत्या. आईला ओकारी आली, पण तिने बाईंचा हात घट्ट धरून ती परतवली. घरी येऊन बाईंनी चार दिवस खपून कवळी केली. इतकी सुरेख कवळी त्यांच्या हातून कधी झाली नव्हती. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कवळी पाठवून भागत नाही. ती तोंडात बसवायची, माणसाला चावायला लावायचं, टोचेल तिथे घासायचं, पुन्हा बसवायची. दोन दिवस, कधी तीन. रात्री हिरडी सुजते आणि खरी जागा सकाळी कळते. म्हणजे राहावं लागणार. बाईंनी डबा कुरियरने पाठवला.

“बसली का गं?” त्यांनी फोनवर विचारलं.

“छान बसली,” आई म्हणाली. “अगदी माझ्याच दातांसारखी.”

बाईंनी विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला. मध्ये आणखी एकदा त्या गाडी करून गेल्या, तेव्हा आई झोपेच्या गोळीत होती. तीन तास उशाशी बसून त्या परत आल्या.

अकराव्या महिन्यात आई गेली. बाई पोचल्या तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून फरशीवाला बसला होता. तब्येत फार बिघडल्याचं ऐकून तो आदल्या दिवशीच बसने आला होता. सासू त्याला कधी टाकून बोलली नव्हती, आणि त्यानेही तिच्या घराच्या फरश्या फुकट बसवून दिल्या होत्या. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी सगळं आटोपलं. भावजय बाईंच्या शेजारी येऊन बसली. कवळीचा डबा कपाटात आहे, परत हवा असेल तर न्या, असं ती हळूच म्हणाली.

“परत कशाला? वापरत होती ना?”

भावजयीने भावाकडे पाहिलं. मग जमिनीकडे. “एकदाच घातली हो ताई. टोचायची त्यांना. तोंडातून रक्त आलं. मग आम्ही सगळं कुस्करूनच द्यायचो. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. म्हणाल्या, इतक्या मायेने केलीय तिने, उगाच जिवाला लावून घेईल.”

कुठे टोचत असणार, ते बाईंना बसल्या जागी कळलं. डावीकडे, मागे, खालच्या कडेला. दोन मिनिटांचं घासणं. त्यांना उठून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पण चार वाजले तशा त्या उठल्या.

“ताई, आज तरी थांबा,” भावजय म्हणाली.

“नाही जमणार.”

“घर काय पळून चाललंय?” मावशी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “जावई थांबलाय बघ. ज्याला सोडायला निघालीस, तो थांबलाय.”

खरंच, फरशीवाला थांबणार होता. भावाबरोबर खुर्च्या आत नेत होता. जाताना बाईंची आणि त्याची नजरानजर झाली. तो काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तो बोलला नाही, आणि बाईंना तेच हवं होतं. गाडीत बसल्यावर त्यांच्या मनात जे आलं, त्याची लाज त्यांना पुढे जन्मभर वाटणार होती. त्यांच्या मनात आलं, हा दोन रात्री घराबाहेर, मी घरात. घरी पोचताच त्यांनी वही काढली, दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. मग त्या रडल्या. पण आधी सही केली.

सतराव्या महिन्यात वकिलांनी शेवटच्या सुनावणीच्या तयारीला बोलावलं. बाई वही घेऊन गेल्या. टेबलावर ठेवली आणि उघडून वकिलांकडे वळवली.

“एक्केचाळीस रात्री,” त्या म्हणाल्या. “माझी एकही नाही.”

वकिलांनी चारदोन पानं उलटली. त्यांना कौतुक वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांनी वही मिटली.

“छान ठेवलीय. पण याचा काही उपयोग नाही.”

“म्हणजे?”

“अहो, तात्पुरत्या आदेशात आहेच की ते. तिसरं पान.” त्यांनी फाइल काढली आणि दहा जणांची घाई असलेल्या आवाजात वाचलं, “‘दोहोंपैकी कोणीही निकालापूर्वी अन्यत्र वास्तव्य केल्यास त्यामुळे त्याच्या हक्कास बाधा येणार नाही.’ मीच घालून घेतलं होतं. पुढे त्रास नको म्हणून. तेव्हापासून दोघंही कुठेही राहायला मोकळे होता.”

बाईंनी एकच विचारलं. “कधीपासून?”

“चौथ्या महिन्यापासून. सांगितलं होतं की तुम्हाला. निश्चिंत राहा म्हणून.” मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. “का हो? कुठे जायचं राहून गेलं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि खरं सांगू? तुमची खोली, तुमचा धंदा, सगळं त्याच घरात. घर तुम्हालाच मिळणार याची मला पहिल्या दिवसापासून खात्री होती.”

बाई पायऱ्या उतरल्या. खाली रस्त्यावर चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर त्या बसल्या. आधी त्यांनी वकिलाला शिव्या घातल्या, मनातल्या मनात, पण चांगल्या पोटभर. मग फरशीवाल्याला. त्याला माहीत होतं, म्हणूनच तर निर्धास्त बाहेर झोपत होता. एका शब्दाने सांगितलं असतं तर त्याचे दात पडले असते का? मग बोलणं कुणी बंद केलं होतं ते त्यांना आठवलं. एकेकाला शिव्या घालून झाल्या आणि शेवटी त्या स्वतःपाशी आल्या. तिथे शिव्यासुद्धा पुरेनात. भावाने सांगितलं होतं, विचार तरी. एक फोन. पाच महिने आई तिकडे पडून होती, कुस्करलेलं गिळत होती, आणि आपण इकडे एका गाळणीला लाल दोरा बांधून घराची राखण करत होतो. कुणी चोरायला आलंच नव्हतं.

निकाल वकील म्हणाले तसाच लागला. घर बाईंना, आणि त्याच्या वाट्याची भरपाई बाईंनी बँकेकडून कर्ज काढून द्यायची. फरशीवाला आपलं सामान न्यायला आला. दोन खोकी आणि हत्यारांची थैली, एवढंच निघालं. दारात तो घुटमळला.

“न्हाणीघरातली कोपऱ्यातली फरशी हलतेय. पाणी मुरतंय खाली. करून घे कुणाकडून तरी.”

“बरं.”

“आणि एक,” तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. “आई गेल्या तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. म्हटलं, मी इथे दिसलो तर तुला घराची काळजी वाटायची नाही. थांबशील.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत हा माणूस एवढं लांब वाक्य बोलला नव्हता, आणि बोलला तो आत्ता.

“तेव्हा का नाही बोललास?”

“तू बोलू कुठे दिलंस?” तो म्हणाला आणि खोकं उचलून गेला.

संध्याकाळी बाई चारही खोल्यांतून फिरल्या. पुढच्या खोलीत त्याच्या पलंगाच्या पायांचे डाग राखाडी फरशीवर उमटले होते. घर पुरं त्यांचं होतं. फ्रिजचे दोन्ही कप्पे त्यांचे. आनंद व्हायला हवा होता. त्यांनी थोडा वेळ त्या आनंदाची वाट पाहिली. मग भावाला फोन केला, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

“मिळालं घर,” त्या म्हणाल्या.

“मिळालं? वा!” भाऊ म्हणाला आणि एकदम गहिवरला. “आई असायला हवी होती गं. शेवटपर्यंत तुझ्यासाठी भांडत होती. मावशी म्हणायची, लेकीला आईपेक्षा घर मोठं झालं. की आई कोपरावर उठायची, उठवत नसलं तरी. म्हणायची, ‘कोर्टाने बंदी घातलीय तिला. नाहीतर माझ्या उशाशीच बसली असती ती.’ नर्सला सांगायची, शेजाऱ्यांना सांगायची, दूधवाल्यालाही सांगायची.”

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ताई, होती ना गं खरंच बंदी?” भाऊ म्हणाला. “मी आपला सहज विचारतोय. मावशी अजून बोलते. तिला काय सांगू?”

ते तिसरं पान आता बाईंना तोंडपाठ होतं.

“होती की,” त्या म्हणाल्या. “सक्त बंदी होती.”

“तेच! मी हेच सांगतो तिला,” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज हलका झाला होता. “आता तर सुटलीस ना? ये मग राहायला. हवे तितके दिवस राहा.”

“बघते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. आता कुठेही राहायला जायची मुभा होती, आणि कुणाकडे जायचं ते त्यांना सुचेना.